लिस्तोपादातली सुकेळी

नोव्हेंबर लागला की वसई रोडच्या बाजारात एखादी बाई टोपलीत सुकेळी घेऊन बसलेली दिसते. केळीच्या सुक्या सोपटात गुंडाळलेली, वरून दोरीने आवळलेली लांबट पुडकी. पूर्वी अशा बायका ओळीने बसत, आता एखादीच असते. तिच्यापुढून जाताना मी पावलं उचलतो. घरी कुणी सुकेळी आणलीच तर बायको माझ्यापुढे बशी ठेवत नाही. "ह्यांना मधुमेहाची भीती," असं ती पाहुण्यांना सांगते. मधुमेह मला नाही.

यंदा मी त्या टोपलीपाशी थांबलो. आभाळ सकाळपासून भरून आलं होतं आणि ती बाई सारखी वर बघत होती. आदल्या दिवशी नादियाचा फोन आला होता.

"काका, रविवारी घरी आहात ना? मम्मीबद्दल एक विचारायचंय."

"मग विचार की फोनवर."

"नाही. समोर बसून."

नादिया म्हणजे उमेळ्याच्या इनासची मुलगी. तिची मम्मी म्हणजे हालिनावहिनी. मागच्या उन्हाळ्यात वहिनी गेली. तिला मातीत ठेवताना गावच्या बायका वसईच्या बोलीत रडत होत्या आणि म्हणत होत्या, "आपल्यापेक्षा चांगली बोलायची." ते ऐकून मी गर्दीतून मागे सरलो आणि कुणाला न सांगता घरी आलो.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली आहे. खरं तर गोष्ट नाहीच, एक हंगाम आहे. पावसाळा पुरता सरल्यावर सुरू होणारा आणि नाताळाच्या आधी संपणारा.

सुकेळी कशी होतात हे आता वसईतल्या मुलांनाही सांगावं लागतं. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि उन्हात वाळत घालायची. अंगणात बांबूचा उंच मांडव, त्यावर चटया, कावळ्यांसाठी वर जुनं मासेमारीचं जाळं. संध्याकाळी एकेक केळं उचलून फडक्यात गुंडाळून आत न्यायचं, म्हणजे रात्रभर ते स्वतःच्याच पाकात मुरतं. सकाळी पुन्हा उन्हात. असं करता करता केळं आकसतं, तांबूस होतं, मधासारखं पाझरतं. सगळं गणित उन्हाचं. मध्ये एकदा पाणी लागलं की आंबट वास सुटतो आणि केलेलं सगळं डुकरांच्या पुढ्यात. म्हणून त्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस बोलता बोलता वर बघतं. जेवताना, भांडतानासुद्धा.

मी जूचंद्रचा. आमच्याकडे भातशेती आणि पलीकडे मिठागरं. घरात आम्ही पाण्याला पानी म्हणायचो. शाळेत गेल्यावर मास्तरांनी लाकडी पट्टीने ते पाणी करून घेतलं. "पानी नाही रे गाढवा, पाणी. जीभ वर लाव. वर!" पट्टी हातावर बसायची, पण दुखायची जीभ. कॉलेज संपेपर्यंत मी इतका शुद्ध बोलू लागलो की आई माझ्याशी बोलताना अडखळायची. मला त्याचा अभिमान होता.

कॉलेजनंतर नोकरी मिळेना. मुंबईतल्या एका संध्याकाळच्या वर्गात मी रशियन शिकू लागलो. त्या काळी रशियन येणाऱ्याला दुभाष्याची नोकरी मिळे. कारखान्यांत तिकडचे इंजिनिअर येत. डिसेंबरात तोंडी परीक्षा होती, आणि तिच्यावर माझं सगळं होतं. धाकट्या दोन बहिणी, वडिलांचे खचलेले गुडघे, आणि "दत्तू आता सायब होनार" असं साऱ्या आळीला सांगून बसलेली आई.

रेल्वेचं फाटक ओलांडलं की सायकलने उमेळं जवळच. तिथला इनास कीवला इंजिनिअरिंग शिकायला गेला होता आणि बायको घेऊन परत आला होता. तो आता कुवेतला असायचा. घरी त्याची आई रेजिनमावशी, बायको हालिना आणि तीन वर्षांची नादिया. "रशियन सून" म्हणून हालिना अख्ख्या पंचक्रोशीत माहीत होती. आईने नव्या तांदळाची पिशवी भरून दिली आणि मी रविवारी सकाळी तिच्या दारात जाऊन उभा राहिलो. फी म्हणून तांदूळ, आणि केळ्यांची राखण. असं ठरलं.

त्या अंगणाचा वास अजून नाकात आहे. पिकल्या केळ्याचा गोड, जड वास. रहाटाच्या ओल्या लाकडाचा. आणि हालिनावहिनीच्या केसांना लावलेल्या खोबरेल तेलाचा, ते तिला मावशी लावायची. पिवळे केस तेलाने काळपट दिसत. मांडवाखाली सावलीत नादिया खेळायची आणि मी चटईवर बसून विभक्ती पाठ करायचो. वहिनी केळी उलटी करत करत माझे उच्चार ऐकायची. गांधीलमाश्या आल्या की हातातल्या फडक्याने हाकलायची, आणि त्याच फडक्याने, चूक झाली की, मलाही.

माझ्याशी ती रशियन बोलायची. नादियाशी बोलताना मात्र तिचा आवाज खाली यायचा, मऊ व्हायचा, आणि शब्द बदलायचे. मला अर्धे कळायचे, अर्धे निसटायचे. "खोदी स्युदी, दोन्यू," ती म्हणायची, म्हणजे इकडे ये गं लेकी. माझ्या पुस्तकात "इदी स्युदा" होतं. डोक्याला पुस्तकात "गलवा", ती म्हणायची "होलोवा". जिथे ग हवा तिथे तिच्या तोंडी ह. तिचं स्वतःचं नावही पासपोर्टवर गलीना होतं, आणि ती स्वतःला हालिना म्हणायची.

एकदा मी विचारलं. तिने केळ्याच्या चिकट बोटांनी हवेत दोन रेघा काढल्या, एकमेकींच्या जवळून जाणाऱ्या. "दत्तू, बघ. ही युक्रेनी. ती रशियन. बहिणी. माझी आई ही बोलते." आणि हसून म्हणाली, "तुझी आई, रेजिनआई, बहिणी. तशा." खरंच, जूचंद्रची आमची बोली आणि उमेळ्याची मावशीची बोली, मध्ये फक्त रेल्वेचं फाटक, तरी दोन्ही वेगळ्या. मी मान हलवली. पण मनात म्हटलं, या बोली आहेत. भाषा ती, जिची परीक्षा असते.

नोव्हेंबरला ती लिस्तोपाद म्हणायची. पानं गळायचा महिना. माझ्या पुस्तकात त्या महिन्याचं नाव नयाब्र होतं. उमेळ्यात नोव्हेंबरात एक पान गळत नाही, केळीची पानं तर नाहीच. तरी तिच्यामुळे त्या अंगणात लिस्तोपाद यायचा. आणि ढगाला ती ख्मारा म्हणायची. पश्चिमेकडून ढग उठला की ती ओरडायची, "ख्मारा!" आणि सगळे चटयांकडे धावायचे. हा शब्द घराने उचलला होता. शेजारची पोरं ओरडायची. रेजिनमावशी स्वयंपाकघरातून ओरडायची, "ख्मारा आली काय गं?" मावशीच्या तोंडी तो शब्द असा बसला होता, जसा आपल्या तोंडी पाव.

मग एके दिवशी मुंबईच्या वर्गात मी उभा राहून धडा म्हणत होतो आणि माझ्या तोंडून ग च्या जागी ह गेला. एकदा, मग पुन्हा. आमचे सर मॉस्कोला शिकून आलेले. त्यांनी चष्मा काढला.

"हे कुठून आणलंस? कुठल्या शेतातून?"

वर्ग हसला. मागून कुणीतरी म्हणालं, "वसईच्या वाडीतनं, सर! केळ्यांबरोबर!"

"परीक्षेत असं बोललास तर पहिल्या वाक्याला बाहेर," सर म्हणाले. "आधी हे खेडवळ वळण काढून टाक."

माझे कान तापले. मला लाकडी पट्टी आठवली. इतक्या वर्षांनी, इतक्या दूरच्या भाषेत जाऊनही मी पुन्हा त्याच बाकावर उभा होतो. परतताना मला सरांचा राग आला नाही. हसणाऱ्यांचाही नाही. राग आला तो हालिनावहिनीचा. त्या रविवारी मी तिला पहिल्यांदा गलीना म्हटलं. ती केळी उलटी करत राहिली. नादियाला ती "दोन्यू" म्हणाली की मी पुस्तकातून मान वर न करता बरोबर शब्द सांगू लागलो. "दोचेन्का म्हणतात." "तूचा म्हणतात, ख्मारा नाही." मी सत्तावीस वर्षांच्या बाईला तिच्या मुलीशी कसं बोलायचं ते शिकवत होतो.

रेजिनमावशीचं माझ्याकडे लक्ष होतं. नाताळ झाल्यावर नादियाला सिस्टरांच्या बालवर्गात घालायचं होतं आणि पोर अजून नीट बोलत नव्हती. दोन शब्द आजीचे, एक आईचा. मावशी त्याच काळजीत होती. वहिनी आत केळी सोलत असताना तिने मला गाठलं. मावशीची बोली मला लिहिता येत नाही, म्हणून मराठीत लिहितो. हीसुद्धा माझी जुनीच सवय.

"दत्तू, तू शिकलेला. खरं सांग. ही पोरीशी बोलते ती तुझ्या पुस्तकातलीच भाषा ना? जिच्यावर नोकरी लागते ती?"

मी म्हणालो, "नाही मावशी. ही खेड्यातली. बिघडलेली रशियन."

मावशी एक पाऊल जवळ आली.

"म्हणजे आपल्यासारखी?"

"हो," मी म्हणालो. "तशीच."

वसईच्या बाजारात, कचेरीत, मुंबईच्या इस्पितळात या बाईच्या बोलण्यावर लोक हसले होते. ते सगळं मला तिच्या तोंडावर दिसलं. तिने पदराला हात पुसले.

"मग नको," ती म्हणाली. "पोरीला तेच नको."

आणि तिने सुनेला बाहेर बोलावलं. वहिनीला तेव्हा मराठी फार येत नव्हतं, म्हणून मावशी मला म्हणाली, "तू सांग तिला. तुझ्या भाषेत नीट सांग." ते माझ्या आयुष्यातलं पहिलं दुभाष्याचं काम. मी सरळ उभा राहिलो आणि सांगितलं: मुलीशी चांगली रशियन बोला, नाहीतर आमची भाषा बोला, ही बिघडलेली भाषा तिला नको. एकही विभक्ती चुकली नाही. एकही ह आला नाही. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं. सांगताना मला मनातून बरं वाटत होतं.

वहिनीने माझ्याकडे पाहिलं, मग मावशीकडे. ती एक वाक्य बोलली, तिच्याच भाषेत. मला ते पूर्ण कळलं.

"काय म्हणते?" मावशीने विचारलं.

"बरं म्हणते," मी म्हणालो.

त्यानंतर ते अंगण गप्प झालं. वहिनी मला शिकवत राहिली, पूर्वीपेक्षा चांगलं शिकवत राहिली. पण आता तिने मला रशियनमधलं "तू" सोडून "तुम्ही" म्हणायला सुरुवात केली. फडकं आता फक्त माश्यांवर उठायचं. नादिया तिच्याकडे धावत आली की ती तिला उचलून घ्यायची, केसांवरून हात फिरवायची, ओठ हलायचे आणि थांबायचे. मुलीशी बोलायला तिला रशियन येत नव्हती असं नाही. त्या भाषेत तिने कधी कुणाला जवळ घेतलं नव्हतं, एवढंच. त्या दिवसांत रहाटाचा आवाज फार मोठा वाटायचा.

नाताळाच्या आधीची शेवटची घाण मांडवावर होती. एकदम घातलेल्या केळ्यांना तिथे घाण म्हणतात. ही इनाससाठी. गावातलं कुणीतरी कुवेतला जाणार होतं, त्याच्याबरोबर पाठवायची. दोन दिवसांचं ऊन मिळालं की झालं. दुपारी मावशी देवळात, म्हणजे चर्चला, गेली होती. मी मांडवाखाली बसून परीक्षेचे प्रश्न घोकत होतो, पश्चिमेकडे पाठ करून. वहिनी पायरीवर बसली होती, तोंड पश्चिमेकडे.

पहिला थेंब माझ्या पुस्तकावर पडला तेव्हा मी वर पाहिलं. आभाळ काळं होतं. ते काही क्षणात तसं झालेलं नव्हतं. मी धावलो, चटया ओढू लागलो, जाळं पायात अडकलं. वहिनीही धावत आली, पण तोवर सर कोसळली होती. मावशी अंगणाच्या फाटकातून भिजत आली. चटयांवर पाणी साचलं होतं आणि त्यात ती तांबूस केळी फुगत होती.

"तू समोर बसली होतीस ना?" मावशी ओरडली. "तुला दिसली नाही? तोंड नाही का तुला?"

हालिनावहिनी पावसात उभी होती. तिने शब्द जुळवायला वेळ घेतला. मग मराठीत, स्वच्छ, म्हणाली,

"कोणत्या भाषेत ओरडू, आई?"

मावशी तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी पुस्तक शर्टाखाली धरलं होतं, भिजू नये म्हणून.

त्या रात्री इनासच्या वाटणीची केळी टाकून दिली असतील. मी थांबलो नाही.

परीक्षा चांगली झाली. सरांनी पाठ थोपटली. नोकरी लागली, बहिणींची लग्नं झाली, आईचा शब्द खरा झाला. पुष्कळ वर्षांनी एका कारखान्यात मी मिन्स्कहून आलेल्या एका वयस्क फिटरबरोबर काम करत होतो. दिवसभर तो रशियन बोलायचा. एक दिवस कॅलेंडरचं पान उलटताना स्वतःशीच पुटपुटला, "लिस्तापाद." मी कामातून मान वर केली. मी विचारलं, ही कुठली भाषा? तो लाजला. म्हणाला, घरची आहे, बेलारुशी, आई बोलायची. मग सावकाश मला समजावून सांगितलं: जुन्या काळी एकच बुंधा होता, त्यातून तिघी निघाल्या, रशियन, युक्रेनी, बेलारुशी. तिघींची आपापली पुस्तकं आहेत, आपापली गाणी. एकीला राज्य मिळालं म्हणून बाकीच्या दोघी बिघडल्या असं होत नाही. हे मला एका अंगणात, चिकट बोटांनी हवेत काढलेल्या दोन रेघांनी, फार आधी सांगून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात मी उमेळ्याला गेलो होतो. दारात हालिनावहिनी भेटली. उमेळ्याच्या बोलीत भराभर बोलली, मावशीपेक्षाही ठसक्यात. घरची चौकशी केली, चहा दिला. तुम्हीच म्हणाली. नादिया शाळेतून आली आणि आईशी त्याच बोलीत भांडू लागली. मी चहा पिऊन परत आलो. त्यानंतर कितीतरी वेळा गेलो, तसाच परत आलो. आता त्या वाडीच्या तीन बाजूंना इमारती आहेत आणि रहाटाच्या विहिरीवर जाळी घातली आहे. माझी मुलं मुंबईचं मराठी बोलतात. माझ्या आईचं बोलणं माझ्या घरात कुणालाच येत नाही. तेही मीच केलं, पण तिथे मला निदान भाषांतर करावं लागलं नाही.

रविवारी नादिया आली. पंचेचाळिशीकडे झुकलेली, गालांची हाडं आईचीच, बोलणं मात्र थेट आजीचं. तिने सोपटात बांधलेलं पुडकं टेबलावर ठेवलं.

"मम्मी गेली त्या आठवड्यात तापात काहीतरी बोलत होती," ती म्हणाली. "कुणाला कळलं नाही. पप्पांनाही नाही, त्यांना आता काही आठवत नाही. मी लहान असताना ती माझ्याशी तसंच बोलायची असं वाटतं. तुम्ही तेव्हा सारखे यायचात. तुम्हाला काही आठवतं का, ती काय बोलायची?"

"आठवतं," मी म्हणालो. "मी जे जे सुधारलं, ते सगळं आठवतं."

आणि मग मी तिला सगळं सांगितलं. तिची आजी काय म्हणाली, मी काय म्हणालो, नंतरचं ते भाषांतर. बायको दारात येऊन उभी राहिली होती, तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं. नादियाची मान खाली होती. ती पुडक्याची दोरी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

"आजी सांगायची," ती शेवटी म्हणाली. "म्हणायची, तुझ्या आईने हौसेने सोडली तिची भाषा. आपण विचारलं तर लगेच बरं म्हणाली."

"ती बरं म्हणाली नव्हती, नादू."

तिने मान वर केली.  बाहेर पुन्हा अंधारून आलं होतं.

"वोना ने झिप्सोवाना," मी म्हणालो. "वोना मोया. असं म्हणाली. ती बिघडलेली नाही. ती माझी आहे."

नादियाने बोटाची दोरी सोडली. मला वाटलं ती उठून जाईल. तसा तिला हक्क होता.

"परत सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. तिने ओठ हलवून पाहिले. मग मोठ्याने म्हणाली, "वोना मोया." उमेळ्याच्या सुरात, आजीसारखं शेवटचं अक्षर ओढून. तिच्या आईने ते असं म्हटलं नव्हतं. बरोबर उच्चार माझ्या जिभेच्या टोकावर आला.

तिने पुन्हा म्हटलं. मी तोंड मिटून ऐकत राहिलो.